डाव्या हाताचं हाड

ताईचा देह आम्ही मेडिकल कॉलेजला दिला. तिची तशी इच्छा होती आणि कागदपत्रंही तिनंच आधी करून ठेवलेली होती. त्यामुळे त्या दिवशी आम्हाला फक्त गाडीच्या मागे उभं राहायचं होतं. राख नाही, अस्थी नाहीत, दहावा नाही. भाचा म्हणाला, "मावशी, तू घरी जाऊन झोप." मी घरी आले, झोपले मात्र नाही. आता संध्याकाळी फिरायला जायच्या वेळी मी टेबलाशी बसते आणि रोज थोडं थोडं लिहिते. लिहिण्यासारखं पुष्कळ असेल, पण मला सारखं एकच वर्ष आठवतं. ताई डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती, मी शाळेत होते, आणि खडकीच्या आमच्या क्वार्टरमध्ये आम्हा चौघांखेरीज आणखी कुणीतरी राहत होतं.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. आमची क्वार्टर रांगेतली शेवटची. पुढे जाळीचा व्हरांडा, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्यामागे उघडं मैदान. घरातला सगळा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चाले. भोंगा झाला की आई तवा चढवी, दुसरा झाला की बाबांची सायकल फाटकातून बाहेर पडे. दुपारी कधीतरी मैदानाच्या पलीकडे चाचणीचा बार उडायचा. आवाज फार मोठा नसायचा, जमिनीच्या पोटातून कुणी दार लोटावं तसा एक धक्का यायचा. खिडक्यांची तावदानं थरथरत, मांडणीवरची भांडी किणकिणत आणि मग सगळं शांत होई. पाहुणे दचकत. आम्ही वरण ओतताना हातही थांबवत नसू. ते आवाज आमचेच होते, घरच्या माणसाच्या खोकल्यासारखे.

ताईचं कॉलेज सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत एक पत्र्याची ट्रंक रिक्षातून घरी आली. ती हाडांची होती. त्या काळी मेडिकलच्या मुलांना अभ्यासाला खरी हाडं लागत आणि ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येत. पुढच्या वर्षी नवी मुलं आली की आपण त्यांना द्यायची, असा शिरस्ता. ताईच्या सीनिअर मुलीनं ट्रंक देताना एवढंच बजावलं होतं, की पूर्ण घेतेयस तर पूर्ण दे. आईनं ट्रंक दारातच अडवली.

"कुणाची आहेत ही?"

"कुणाची म्हणजे? अभ्यासाची," ताई म्हणाली.

"अभ्यासाला का हाडं असतात? माणसांची असतात. कुणाची, ते विचारतेय मी."

"बेवारस असतात गं आई. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांची."

आई बाजूला झाली. मला तेव्हा वाटलं, ती ताईपुढे हरली. बाबा आतून म्हणाले, "चला, रेशनकार्डावर नाव घालायला हवं." ट्रंक ताईच्या खाटेखाली गेली. त्या दुपारी बार उडाला. तावदानं थरथरली, भांडी किणकिणली, आणि सगळं शांत झाल्यावर, एका श्वासानंतर, खाटेखालून एक लहानसा आवाज आला. टक. ताईनं मान वर केली नाही. आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक बारानंतर मी त्या आवाजाची वाट पाहू लागले. तो नेहमी उशिरा यायचा, विचार करून उत्तर दिल्यासारखा.

आई बाजूला का झाली, हे सांगायला हवं. आईचा धाकटा भाऊ मधू, आमचा मधुमामा, ताई अगदी लहान असताना आणि माझ्या जन्माच्या आधी घरातून गेला होता. मित्राला स्टेशनवर सोडून येतो म्हणाला आणि आला नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. आईवडील लवकर गेल्यामुळे आईनंच त्याला वाढवलं होतं. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहतात आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याचे संस्कार करतात. ती मुदत कधीच उलटली होती. नातेवाइकांनी विषय काढला की आई उठून आत जाई. ती रोज एक भाकरी जास्त थापायची आणि रात्री टोपलीत झाकून ठेवायची. सकाळी ती आम्ही दुधात कुस्करून खायचो. मला फार मोठी होईपर्यंत वाटत होतं, की सगळ्याच घरांत एक भाकरी अशी असते. दारावर थाप पडली की आई हातातलं काम टाकून उठे आणि दार उघडून झाल्यावर तिचा चेहरा जरासा मिटे. दूधवाला असो, शेजारची बाई असो, आम्ही असू. आपल्याला पाहून आईचा चेहरा मिटतो, हे रोज बघत मी मोठी झाले.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. ताई स्वयंपाकघराच्या फरशीवर चादर पसरून हाताची हाडं मांडून बसली होती. आई शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. जागा करायला तिनं एक हाड उचललं आणि तिचा अंगठा मध्येच थांबला. तिथे एक उंचवटा होता. आईनं त्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला, या वेळी डोळे मिटून.

"हे काय आहे, उषा?"

ताई खूश झाली. आईनं अभ्यासातलं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. "मोडून जुळलेलं हाड आहे. नीट बसवलं नव्हतं कुणी, म्हणून वाकडं जुळलंय. हाडवैद्याकडे गेला असणार."

"कुठल्या हाताचं?"

ताईनं हाड घेतलं, जाड टोक वर धरलं, बारीक टोक खाली, आणि ते स्वतःच्या एका हातावर, मग दुसऱ्या हातावर ठेवून पाहिलं. कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं, हाड हातात आलं की आधी डावं-उजवं ओळखायचं. "डाव्या," ती म्हणाली.

आईनं सूप खाली ठेवलं. "मधूचा डावा हात मोडला होता. पेरूच्या झाडावरून पडला होता. हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच जुळला. मी कितीतरी दिवस तेल चोळत होते. इथेच यायचं बोटाला."

ताईनं समजावलं, हात पुष्कळांचे मोडतात. संध्याकाळी बाबांनीही तेच सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं. "अख्ख्या पुण्यात पेरूच्या झाडावरून पडलेला तुझा भाऊ एकटाच का?" आईनं वाद घातला नाही. तिनं हाडाचं नाव विचारलं नाही, ट्रंक कुठून आली ते विचारलं नाही. मधुमामाचा एक जुना सदरा होता. त्यात तिनं ते हाड गुंडाळलं आणि धान्याच्या डब्यांमागच्या कोनाड्यात ठेवलं. ताईला अभ्यासाला हवं असेल तेव्हा ती आईकडे मागायची आणि आई ते हातात द्यायची, तान्ह्या मुलाला द्यावं तसं खालून आधार देऊन. ताई म्हणायची, "मी पाडणार नाहीये गं."

मग भाद्रपद संपत आला आणि सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आई बाबांना म्हणाली, "अहो, उद्या मधूचं नाव घ्या." इतकी वर्षं जे नाव घ्यायला बंदी होती, ते तिनं असं मीठ मागावं तसं मागितलं. बाबा बराच वेळ पेपर धरून बसले. शेवटी म्हणाले, "घेतो. पण परवा तो दारात येऊन उभा राहिला, तर त्याच्याशी तू बोल." दुसऱ्या दिवशी खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं झालं. बाबांनी नाव घेतलं. आई कोनाड्याकडे पाठ करून उभी होती आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत गेलेलं मी पाहिलं. त्या रात्री टोपलीत भाकरी नव्हती.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल लिहिताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, कारण ते माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे महिने होते. आई हसू लागली. मला बरोबर घेऊन ती मंडईत जायला लागली. वांगी हातात घेऊन बायकांशी भांडायची आणि परतताना बसमध्ये मला पेरू कापून द्यायची. दारावर थाप पडली तर "नीलू, बघ गं कोण आहे," असं आतूनच म्हणायची. मी शाळेतून आले की तिचा चेहरा मिटत नसे. मला आई मिळाली होती, आणि ती कुणामुळे मिळाली ते कोनाड्यात होतं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मागच्या दाराशी चपला काढताना मला आईचा आवाज ऐकू आला. ती हलक्या, रमलेल्या सुरात कुणाशी तरी बोलत होती. फ्लॉवर महाग झालाय, शेजारच्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, उषा फार जागते. मध्ये थांबायची. जितका वेळ समोरचा उत्तर देईल, तितकाच वेळ थांबायची. मग म्हणायची, "तेच तर." मी आत डोकावले. ती भिंतीला टेकून बसली होती, शेजारी खोबरेल तेलाची वाटी होती, मांडीवर सदरा उघडा होता आणि ती अंगठ्यानं हाडाला तेल चोळत होती. हाडाचा रंग बदलला होता. ट्रंकेतली बाकीची हाडं खडूसारखी कोरडी, हे मात्र पिवळं, चकचकीत झालं होतं, वापरातल्या लाटण्यासारखं. तेवढ्यात बार उडाला. तावदानं थरथरली, भांडी किणकिणली. मी सवयीनं खाटेखालच्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. आई मात्र मान कलती करून हसली. मी चपला हातात घेऊन पुन्हा मैदानात गेले आणि नेहमीची वेळ होईपर्यंत तिथेच बसले.

थंडीच्या दिवसांत ताई एकदा कॉलेजातून आली ती जेवलीच नाही. मला व्हरांड्यात बोलावून तिनं जाळीचं दार लावून घेतलं.

"नीलू, ते हाड डावं नाहीये."

मला कळेना. ती आपल्या हातावर बोटानं दाखवू लागली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. एकाचं जाड टोक कोपराकडे असतं, दुसऱ्याचं मनगटाकडे. पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांची गल्लत होते. तिनं ते हाड उलटं धरलं होतं. जाड टोक खाली हवं होतं. उलटं धरलं की उजवं हाड डावं दिसतं. कॉलेजात ती अशीच चुकली आणि सरांनी सगळ्यांसमोर हाड तिच्या हातात फिरवून दिलं. "त्यांनी ते फिरवलं ना, तेव्हा मला सर दिसलेच नाहीत. आई दिसली."

"मग आता?"

"सांगायला हवं."

"कशाला? किती बरी आहे ती आता."

"माझ्यामुळे बरी आहे. मी चुकीचं सांगितलं म्हणून. तो कुठेतरी जिवंत असला तर? आपण त्याचं पान वाढलंय, नीलू."

मी रडायला लागले. ताईनं त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही बरेच महिने नाही. पण तिचं घरात लक्ष राहिलं नाही. आई कोनाड्याकडे वळली की ताई उठून बाहेर जायची. पुढे आयुष्यभर तिनं शरीररचनाच शिकवली. तिचे विद्यार्थी सांगायचे, की मॅडमना झटपट उत्तर दिलेलं चालत नाही. बरोबर असलं तरी त्या म्हणतात, आधी कुठलं टोक वर धरलंयस ते बघ. मुलांना तो त्यांचा खाक्या वाटे.

ट्रंक द्यायची वेळ आली. हडपसरकडची एक मुलगी, शिंदे, ती न्यायला येणार होती. ताईनं आदल्या दिवशी आईकडे हाड मागितलं. आई म्हणाली, "ते नाही जायचं." सकाळी तेच. शिंदे आली, व्हरांड्यात बसली, आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन आईसमोर उभी राहिली. मी दाराला धरून होते.

"आई, ते मामाचं नाहीये. मी चुकले होते. ते उजव्या हाताचं आहे."

ताईनं कोनाड्यातून सदरा काढला, हाड सोडवलं आणि आईचा डावा हात आपल्या हातात घेतला. त्यावर हाड ठेवलं, बारीक टोक कोपराशी, जाड टोक मनगटाशी. ते बसेना. अंगठ्याकडे जायचं टोक आतल्या बाजूला वळत होतं. मग तिनं ते उजव्या हातावर ठेवलं. तिथे ते असं बसलं, की आईच्या हाताच्या आत तेच आहे असं वाटावं. आई आपल्या हातावर ठेवलेल्या त्या हाडाकडे बघत राहिली. बाहेरून शिंदे म्हणाली, "ताई, पाणी मिळंल का? लई ऊन हाय."

आईनं हाड अलगद उचलून सदऱ्यावर ठेवलं, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि बाहेर नेऊन दिलं. परत आली. पदराला हात पुसले.

"मग उजवाच असेल," ती म्हणाली.

"आई, डावा मोडला होता म्हणालीस तू."

"तू डावा म्हणालीस आधी. मी हो म्हटलं." तिच्या आवाजात चीड नव्हती, समजावणं होतं. "तो समोर बसायचा आणि मी तेल लावायचे. समोरच्याचा डावा आपल्या उजव्या बाजूला येतो. इतक्या वर्षांनी गल्लत होतेच. उजवाच. आता आठवलं ना मला. परीक्षा होती आणि उजवा हात बांधलेला, डाव्या हातानं लिहायला बसला होता. मी भरवायचे त्याला. चिडायचा. वरणभात नको, पिठलं दे म्हणायचा, आणि पिठलं दिलं की म्हणायचा, तुझ्या बांगड्या लागतात." ती हसली. "उषा, बरं झालं तू नीट बघितलंस."

ताईचा चेहरा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मी नंतर पुष्कळ वाचलं, पुष्कळ वर्षं इतिहास शिकवला, आणि नवा पुरावा समोर आला की जुनी समजूत मोडते, हे वर्गात कितीदा तरी बोलले. बोलताना दर वेळी मला ते स्वयंपाकघर दिसायचं. तिथे पुरावा खरा होता, नीट तपासलेला होता, आणि समजूत मोडली नव्हती. पुराव्याच्या मापानं मधुमामा बदलला होता. डाव्या हातानं लिहिणारा, पिठलं मागणारा हा मामा आम्ही आधी कधीच ऐकला नव्हता. तो त्या क्षणी घरात आला आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जिवंत होता.

व्हरांड्यात ताईनं शिंदेला ट्रंक दिली आणि उजव्या हाताचं एक हाड कमी आहे असं सांगितलं. शिंदे म्हणाली, "असू दे ओ. डाव्यावर भागवीन." रिक्षा गेली. ताई परत आत आली नाही. मी बाहेर गेले, तर ती जाळीला कपाळ टेकवून उभी होती. आतून आईचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"नीलू, मी पहिल्यांदा काय म्हणाले होते? डावा की उजवा?"

"डावा," मी म्हणाले.

"आणि हाड कसं धरलं होतं?"

"जाड टोक वर."

"आई आता असं काही सांगतेय, की मलाच धड आठवेना झालंय," ती म्हणाली. "तू तिथे होतीस. तू लक्षात ठेव."

मी ठेवलं. पुढे आई गेली तेव्हा ताईनं ते हाड आईच्या अस्थींबरोबर नदीत सोडलं. कुणी काही विचारलं नाही. मामा आला नाही, त्याची खबरही आली नाही. ताईनं तो विषय पुन्हा काढला नाही. कधी भेटलो की निघताना मात्र ती हळूच म्हणायची, "नीलू, कसं धरलं होतं?" मी सांगायचे. ती मान हलवायची आणि गाडीत बसायची.

आता विचारणारं कुणी नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. ताई डावा म्हणाली होती. तिनं जाड टोक वर धरलं होतं. हे असंच झालं, मी तिथे होते, आणि एवढं तरी मला लिहिता यायला हवं. पण गेले काही दिवस डोळे मिटले की तीच चादर दिसते, तेच सूप दिसतं, ताईचे लांब हात दिसतात. आणि त्या हातांत ते हाड बारीक टोक वर करून, अगदी बरोबर धरलेलं असतं.